जँगोत अटी तुकड्यातुकड्यानं जोडल्या की क्वेरी भलतंच का आणते?

कृष्णाकाठचा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गावच्या दूध डेअरीसाठी एक छोटं वेब ॲप लिहिलंय. डिजँगो (पायथनमधली वेब चौकट) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. सहाशेच्या आसपास सभासद, रोज सकाळ-संध्याकाळ संकलन. फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कोडसुद्धा देवनागरीत टाकतोय. सांभाळून घ्या.

सेक्रेटरींना शोधाचा एक पडदा हवाय. गाव, वेळ, गाय की म्हैस, फॅट कितीच्या खाली. यातलं काहीही भरावं, काहीही रिकामं सोडावं. पूर्वी पीएचपीत मी 'व्हेअर १=१' लिहून पुढे 'अँड'चे डबे जोडत जायचो. इथे म्हटलं जरा शहाण्यासारखं करू:

यादी = सभासद.ऑब्जेक्ट्स.ऑल()
इफ गाव:
  यादी.फिल्टर(गाव=गाव)
इफ वेळ:
  यादी.फिल्टर(संकलन__वेळ=वेळ)
इफ फॅट:
  यादी.फिल्टर(संकलन__फॅट__एलटी=फॅट)

('__एलटी' म्हणजे 'पेक्षा कमी'.) काहीही भरलं तरी सगळेच्या सगळे सभासद येतात. एररही नाही. दोन तास गेले.

थंडगार_चहा (रात्री ९:५२)

फिल्टर जुन्या यादीला हात लावत नाही, नवीन क्वेरीसेट (अटींसकट तयार ठेवलेली क्वेरी) परत देतो. तुम्ही तो घेतलाच नाही, हवेत सोडलात. 'यादी = यादी.फिल्टर(...)' असं लिहा. पहिल्या वर्षी प्रत्येकजण या खड्ड्यात पडतो, मी दोनदा पडलोय.

आणि तीनदा फिल्टर लावलं म्हणजे डेटाबेसकडे तीन फेऱ्या होतील अशी भीती नको. क्वेरीसेट आळशी असतो. तुम्ही लूप चालवेपर्यंत, लिस्ट करेपर्यंत किंवा 'इफ यादी' असं विचारेपर्यंत तो जागचा हलत नाही. सगळ्या अटी जमवून शेवटी एकदाच जातो.

पिंपळपान (रात्री १०:०५)

अवांतर: डिजँगो नाही हो, जँगो. डी मुका. जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याच्या नावावरून ठेवलंय. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात जन्मलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. चालू द्या.

कृष्णाकाठचा (मंगळवार, सकाळी ७:१५)

थंडगार_चहा, चाललं! पण आता वेगळंच. चाचणीला दहा दिवसांच्या नोंदी भरल्यात. 'सकाळ' आणि 'फॅट ३.५ च्या खाली' असं शोधलं तर आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्यांचं सकाळचं दूध कधी ४ च्या खाली जात नाही, मी स्वतः मापाला उभा असतो. एकदाच संध्याकाळी ३.४ लागलं होतं. शिवाय यादीत त्या एकदा नाही, दहा वेळा आल्यात. एकाखाली एक, दहा काकू.

स्वरदा_पुणे (सकाळी ९:३०)

तुमच्या दहा काकूंमध्येच उत्तर आहे. 'प्रिंट(यादी.क्वेरी)' करून पाहा. संकलनाचं टेबल दोनदा जोडलेलं दिसेल, एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा टी३ अशा टोपणनावानं.

सभासद एक, नोंदी अनेक. अशा नात्यावर दोन वेगवेगळे फिल्टर एकापुढे एक लावले की जँगो त्याचा अर्थ असा घेतो: या बाईंची सकाळची कुठली तरी नोंद आहे का? आहे. या बाईंची ३.५ खालची कुठली तरी नोंद आहे का? आहे. ती एकच नोंद असावी असं तुम्ही सांगितलेलंच नाही. सकाळच्या दहा नोंदी गुणिले कमी फॅटची एक, म्हणून दहा काकू.

दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात घातल्या की त्या एकाच नोंदीला लागतात:

सभासद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(संकलन__वेळ='सकाळ', संकलन__फॅट__एलटी=३.५)

हा दोष नाही, ठरवून तसं केलंय आणि जँगोच्या दस्तऐवजात लिहिलंही आहे. पण अटी तुकड्यातुकड्यानं जोडणारा माणूस नेमका इथेच सापडतो, कारण त्याचा सगळा कोडच 'इफ असेल तर अजून एक फिल्टर' असा असतो.

थंडगार_चहा (सकाळी ९:४१)

मग अटी एका डिक्शनरीत गोळा करायच्या आणि शेवटी एकदाच फिल्टर(**अटी). सोपं.

स्वरदा_पुणे (सकाळी ९:५८)

चालेल, पण काकू तरीही दोनदा येऊ शकतात, दोन दिवस सकाळी फॅट कमी लागलं तर. मग डिस्टिंक्ट लावा, मग सॉर्टिंग लावलं की डिस्टिंक्ट बिघडतो, मग अजून काहीतरी. मी असल्या ठिकाणी जोडणीच करत नाही. 'अशी नोंद आहे का' एवढंच विचारायचं असेल तर एक्झिस्ट्स (आउटररेफ म्हणजे बाहेरच्या क्वेरीतला सभासद):

नोंदी = संकलन.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(सभासद=आउटररेफ('पीके'))
इफ वेळ:
  नोंदी = नोंदी.फिल्टर(वेळ=वेळ)
इफ फॅट इज नॉट नन:
  नोंदी = नोंदी.फिल्टर(फॅट__एलटी=फॅट)
यादी = यादी.फिल्टर(एक्झिस्ट्स(नोंदी))

आत कितीही फिल्टर साखळीनं लावा, ते नोंदीच्या स्वतःच्या कॉलमवर आहेत, त्यामुळे सगळ्या अटी एकाच ओळीला लागतात. बाहेर सभासद एकदाच येतो. जँगो ३.० पासून एक्झिस्ट्स असा थेट फिल्टरमध्ये घालता येतो, आधी ॲनोटेटचा वळसा घ्यावा लागायचा.

पिंपळपान (सकाळी १०:२०)

स्वरदा, एक पाणी मुरतंय. वेळ आणि फॅट दोन्ही रिकामं सोडलं तर 'एक तरी नोंद असलेले सभासद' असा अर्थ होईल. ज्यांची गाय आटलीय, ज्यांनी दहा दिवसांत दूधच घातलं नाही, ते यादीतून गायब. सेक्रेटरी विचारतील, आमची माणसं कुठे गेली?

स्वरदा_पुणे (सकाळी १०:२६)

बरोबर. नोंदीवरची एक तरी अट भरली असेल तरच शेवटची ओळ चालवायची. माझ्याकडून राहिलं.

जुना_डीबीए (दुपारी १:१०)

हे सगळं वाचून हसू आलं. जी गोष्ट सात ओळींच्या एसक्यूएलमध्ये स्वच्छ दिसते तिच्यासाठी तुम्ही आउटररेफ आणि टी३ची भुतं उतरवताय. तीस वर्षं एसक्यूएल लिहितोय. ज्याला जोडणी कळत नाही त्याला ओआरएम (कोडवरून एसक्यूएल बनवून देणारा जँगोतला भाग) ती शिकवत नाही, फक्त लपवतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

थंडगार_चहा (दुपारी १:३२)

काका, मुद्दा मान्य. पण या पडद्यावर चार रकाने आहेत, प्रत्येक भरलेला किंवा रिकामा, म्हणजे सोळा प्रकार. सोळा एसक्यूएल लिहिणार की स्ट्रिंग जोडणार? आणि स्ट्रिंग जोडायची म्हटलं की एक दिवस कोणीतरी गावाच्या रकान्यात एकेरी अवतरणचिन्ह टाकतोच.

जुना_डीबीए (दुपारी १:५०)

पॅरामीटर वेगळे पाठवा ना, कोण नको म्हणतंय. जँगोच्या 'रॉ'मध्येही (थेट एसक्यूएल चालवायची पद्धत) सोय आहे. एफ-स्ट्रिंगनं किंमत आत कोंबणाऱ्याला मी कोडपासून लांब ठेवतो, मग तो ओआरएमवाला असो की माझ्यासारखा.

कृष्णाकाठचा (संध्याकाळी ६:०५)

एक्झिस्ट्सनं काम झालं, काकू यादीतून गेल्या. तुमच्या बोलण्यावरून आठवलं. रिपोर्टच्या पानावर मी याहून सोपं केलंय, तिथे इफ-बिफ काही नाही:

संकलन.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(**रिक्वेस्ट.गेट.डिक्ट())

फॉर्ममधल्या रकान्यांची नावं मॉडेलच्या नावांसारखीच ठेवलीत. नवा रकाना वाढवला की पायथनला हातच लावावा लागत नाही. हे ठीक आहे ना?

स्वरदा_पुणे (संध्याकाळी ६:०९)

नाही!! आज रात्रीच काढा.

पत्त्याच्या पट्टीत कोण काय लिहील ते तुमच्या हातात नाही. समजा संकलनाला 'नोंदवणारा' म्हणून युजरशी नातं आहे. मग कोणीही लिहू शकतो: नोंदवणारा__पासवर्ड__स्टार्ट्सविथ=पीबी... आणि नोंदी आल्या की नाही एवढंच बघत एकेक अक्षर पुढे सरकतो. हाती पासवर्ड लागणार नाही, त्याचा हॅश लागेल, पण तोही बाहेर का जावा? यात एसक्यूएल इंजेक्शन नाहीच. जँगो अगदी सभ्यपणे, पॅरामीटर वेगळे पाठवून, तुमचं घर उघडून दाखवतो.

आणि इंजेक्शनही होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-६४४५९ (जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक) आलं. क्यू ऑब्जेक्टला (जँगो अटी ज्यात बांधतो ते गाठोडं) '_कनेक्टर' नावाचा आतला पॅरामीटर असतो, अटी 'अँड'नं जोडायच्या की 'ऑर'नं ते सांगणारा. बाहेरून आलेली डिक्शनरी जशीच्या तशी फिल्टरमध्ये ओतली तर त्या नावाखाली आलेला मजकूर थेट एसक्यूएलमध्ये जायचा. ५.२.८, ५.१.१४ आणि ४.२.२६ मध्ये बुजवलं. तुमची आवृत्ती आधी बघा.

पिंपळपान (संध्याकाळी ६:४०)

याच घराण्यातलं जुनं एक: २०२१ साली ऑर्डर_बायमध्ये बाहेरचा मजकूर तपासल्याशिवाय जात होता, ३.१.१३ आणि ३.२.५ मध्ये दुरुस्त झालं. २०२२ मध्ये ॲनोटेटच्या नावांतून. दर वेळी गोम तीच, किंमत सुरक्षित असते पण *नाव* बाहेरून येतं. कॉलमचं नाव, टोपणनाव, जोडशब्द यांना पॅरामीटर करता येत नाही.

म्हणून मी एक लहानसा तक्ता ठेवतो. डावीकडे फॉर्मचं नाव, उजवीकडे लुकअप:

मान्य = {'वेळ': 'वेळ', 'फॅट_खाली': 'फॅट__एलटी', 'पासून': 'दिनांक__जीटीई'}

तक्त्यात नसेल ते टाकून द्यायचं. सॉर्टिंगलाही असाच तक्ता. रकाने फार वाढले तर जँगो-फिल्टर ही लायब्ररी हेच काम नीट करून देते, पण चार रकान्यांना तक्ता पुरे.

जुना_डीबीए (रात्री ८:१५)

हे मात्र पटलं.

कृष्णाकाठचा (बुधवार, रात्री ९:२०)

रात्रीच काढलं आणि तक्ता केला. आवृत्तीही वाढवली. घाम फुटला होता.

आता 'किंवा'. सेक्रेटरींना कमी प्रतीचं दूध एका ठिकाणी हवंय. गायीला फॅट ३.५ किंवा एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.५ च्या खाली, म्हशीला ६ किंवा ९ च्या खाली. मी असं लिहिलं:

क्यू(फॅट__एलटी=३.५) ऑर क्यू(एसएनएफ__एलटी=८.५)

एरर नाही, पण एसएनएफचं कुणी येतच नाही.

थंडगार_चहा (रात्री ९:३५)

'ऑर' पायथनचा आहे. त्याला डावीकडचा क्यू भरलेला दिसला, त्यानं तोच उचलून दिला. उजवीकडचा वाचलासुद्धा नाही. उभी रेघ वापरा:

गाय = क्यू(प्रकार='गाय') & (क्यू(फॅट__एलटी=३.५) | क्यू(एसएनएफ__एलटी=८.५))
म्हैस = क्यू(प्रकार='म्हैस') & (क्यू(फॅट__एलटी=६) | क्यू(एसएनएफ__एलटी=९))
संकलन.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(गाय | म्हैस)

कंस विसरू नका, '&' उभ्या रेघेपेक्षा घट्ट बसतो.

पिंपळपान (रात्री १०:०२)

आणि 'किंवा'च्या अटी लूपमधून जोडणार असाल तर रिकाम्या यादीचं आधी ठरवा. रिड्यूसला सुरुवातीला रिकामा क्यू() दिला आणि एकही अट आली नाही, तर फिल्टर(क्यू()) म्हणजे सगळंच्या सगळं टेबल. 'इन'ला रिकामी यादी दिली तर नेमकं उलटं, काहीच येत नाही, जँगो डेटाबेसकडे जातसुद्धा नाही. एकाच पडद्यावर दोन्ही असले की वापरणारा चक्रावतो. मी पाहिलंय एका ठिकाणी: 'निवडलेल्यांना एसएमएस पाठवा' बटण, कोणालाच निवडलं नाही, आणि गेले सगळ्यांना.

कृष्णाकाठचा (शुक्रवार, सकाळी ६:५०)

मंडळी, काल मोठी गडबड झाली. दहा दिवसांच्या बिलाची पहिली छापील प्रत काढली. शेजारच्या काकूंचं दूध ६,२०० रुपयांचं. उचल तीन: पशुखाद्याचं पोतं १,५००, मिनरल मिक्श्चर ३००, रोख १,०००. हातात ३,४०० यायला हवेत. कागदावर आलं उणे ३७,४००. काकूंनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

सभासद.ऑब्जेक्ट्स.ॲनोटेट(दूध=सम('संकलन__रक्कम'), कपात=सम('उचल__रक्कम'))

वेगवेगळं चालवलं तर दोन्ही आकडे बरोबर येतात. एकत्र आले की बिघडतात.

स्वरदा_पुणे (सकाळी ८:४०)

दहा काकूंचाच भाऊ आहे हा. संकलनाच्या वीस नोंदी, उचलीच्या तीन. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत सभासदाला जोडली की प्रत्येक नोंदीसमोर प्रत्येक उचल, म्हणजे साठ ओळी. दूध तिप्पट झालं, १८,६००. कपात वीसपट झाली, ५६,०००. वजा करा, उणे ३७,४००. जँगोच्या दस्तऐवजात एकापेक्षा जास्त बेरजा एकत्र करण्याबद्दल हाच इशारा दिलाय.

थंडगार_चहा (सकाळी ८:५५)

सममध्ये डिस्टिंक्ट=ट्रू?

जुना_डीबीए (सकाळी ९:०५)

अजिबात नको! तो ओळी नाही, *रकमा* वेगळ्या काढतो. दोन दिवस बरोबर ३१० रुपयांचं दूध घातलं तर एक दिवस फुकट गेला. उणे ३७ हजार निदान डोळ्यात तरी भरतात. ३१० रुपये कमी पडले तर म्हातारी तशीच घरी जाईल. मोजणीला, म्हणजे काउंटला, डिस्टिंक्ट चालतो. बेरजेला नाही.

एसक्यूएलमध्ये मी दोन्ही बेरजा आधी वेगळ्या गटात करून मग जोडल्या असत्या. तुमच्या जँगोत ते कसं म्हणतात ते स्वरदाताई सांगतील.

स्वरदा_पुणे (सकाळी ९:३०)

काका, तेच, फक्त सबक्वेरी म्हणून:

दूध = संकलन.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(सभासद=आउटररेफ('पीके')).ऑर्डर_बाय().व्हॅल्यूज('सभासद').ॲनोटेट(एकूण=सम('रक्कम')).व्हॅल्यूज('एकूण')

उचलीचंही असंच. मग ॲनोटेट(दूध=सबक्वेरी(दूध), कपात=सबक्वेरी(उचल)). मधला रिकामा ऑर्डर_बाय मुद्दाम आहे. जुन्या आवृत्त्यांत मॉडेलवरचं सॉर्टिंग गटात घुसून बेरीज फोडायचं. ३.१ पासून घुसत नाही, पण माझी सवय गेली नाही.

ज्यांनी उचलच घेतली नाही त्यांची कपात शून्य येणार नाही, नल येईल. ६,२०० वजा नल म्हणजे नल, बिलाचा रकाना कोरा. त्यासाठी कोअलेस (नलच्या जागी शून्य ठेवणारं फंक्शन), आणि त्यात आउटपुट_फील्ड डेसिमल सांगा, नाहीतर डेसिमल आणि पूर्णांक मिसळले म्हणून जँगो ओरडेल. दोन्ही टेबलांवर तारखेची अटही आतच लावायची, बाहेर नाही.

पिंपळपान (सकाळी ११:१५)

तारखेवरून: तुमच्या सेटिंग्जमध्ये टाइम_झोन काय आहे? नवीन प्रोजेक्टमध्ये यूटीसी असतो. सकाळी ५:१० ला घातलेलं दूध यूटीसीत आदल्या दिवशी रात्री ११:४० चं होतं. '__डेट' लुकअप चालू टाइम झोन धरून तारीख काढतो, म्हणून साडेपाचच्या आधी आलेल्यांचं दूध कालच्या खात्यावर.

कृष्णाकाठचा (दुपारी १:३०)

अरे देवा. यूटीसीच आहे. म्हणून पहिल्या तारखेला पहाटे आलेली चार माणसं मागच्या बिलात दिसत होती! मी त्यांना 'तुम्ही काल आला होतात' म्हणून वाद घातला. एशिया/कोलकाता केलं. शिवाय तारीख आणि वेळ (सकाळ/संध्याकाळ) आता सरळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो. दूध मोजताना मिनिट कोणाला लागतंय?

अजून एक छोटंसं, मग त्रास देत नाही. बँकेची शाखा 'कऱ्हाड' अशी शोधली तर अर्धेच सभासद येतात. डोळ्यांना सगळीकडे तेच दिसतं.

पिंपळपान (दुपारी २:००)

डोळ्यांना तेच, डेटाबेसला नाही. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, यू+०९३१, मग हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ह. आयकंटेन्सला त्या दोन वेगळ्या माळा. र आणि खाली नुक्ता असा तिसरा प्रकारही भेटतो. तो युनिकोडच्या एनएफसीनं (अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत) ऱ होतो, पण जॉइनरवाला होत नाही, तो हातानं बदलावा लागतो. सेव्ह करताना आणि शोधताना एकच फंक्शन दोन्हीकडे लावा. शाखांसाठी तर वेगळं टेबलच करा, कारकुनाला नाव टाइप करायला देऊच नका.

थंडगार_चहा (दुपारी २:१०)

'क्वेऱ्या' लिहितानाही हाच घोळ 🙂 क्वेऱ्यांवरून आठवलं: यादीत प्रत्येक सभासदासमोर शाखेचं नाव दाखवणार असाल तर सिलेक्ट_रिलेटेड लावा, नाहीतर सहाशे सभासदांना सहाशे एक क्वेऱ्या. डीबग टूलबार टाका म्हणजे आकडा समोर दिसेल.

कृष्णाकाठचा (रविवार, रात्री ८:४५)

दोन दिवस बसून सगळं केलं. बिलाच्या पानावर सहाशे पाच क्वेऱ्या होत्या, आता चार आहेत. छापण्याआधी पन्नास सभासदांची बिलं जुन्या वहीशी हातानं ताडून पाहिली, एक सोडून सगळी जुळली. जे जुळलं नाही त्यात वहीतच बेरीज चुकली होती, जुना_डीबीए काका खूश होतील.

काकूंना ३,४०० चं बिल नेऊन दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, "आणि ते सदतीस हजार? ते माफ का पुढच्या बिलात?"